शाईत कोणी काय टाकलं

भांडी घासायचं लिक्विड संपलं नव्हतं, ते शाईत गेलं होतं. सरिताला हे कळलं तेव्हा तिचे दोन्ही हात बेसनाने बरबटलेले होते आणि ओट्यावर लिक्विडची बाटली उलटी उभी होती, शेवटचा थेंबसुद्धा गाळून घेतलेली.

"अवो!" ती ओरडली. "भांडे आता कायनं घासू मी?"

मागच्या खोलीतून उत्कर्षचा शांत आवाज आला. "आजच्या दिवस राखेनं घास. याच्यानं फेसच लय होऊन राह्यला. हे काही कामाचं नाई."

"कामाचं नव्हतं तं अख्खी बाटली कायले नेली?"

"कामाचं नाई हे पाह्यासाठीच नेली ना."

त्याच्या आवाजात ना पश्चात्ताप होता ना चेष्टा, म्हणूनच सरिताचं डोकं जास्त फिरलं. भांडायला निदान समोरचा माणूस तरी भांडणारा लागतो. उत्कर्ष रिसोडच्या कॉलेजात तासिकेवर रसायनशास्त्र शिकवायचा आणि घरी आला की घरातल्यांनाही शिकवायचा, एवढंच की कोणी विचारलेलं नसायचं.

केनवडच्या बसस्टॉपसमोर सरिताचं झेरॉक्सचं दुकान होतं. सातबारा, आधार, शिष्यवृत्तीचे अर्ज ही कामं त्या रांगेतली आणखी तीन दुकानंही करत. तिचं दुकान चालायचं ते कोपऱ्यातल्या जुन्या, पिवळ्या पडलेल्या प्रिंटरवर. नवे प्रिंटर कागद पोटात वळवून घेतात, त्यांना पुठ्ठा दिला की घशात अडकतो. हा जुना मात्र मागून घेतलेला पुठ्ठा सरळ पुढून काढून द्यायचा. त्यावर सरिता आसपासच्या भाजीवाल्यांसाठी टॅग छापायची: शेतकऱ्याचं नाव, गाव, गटाचा शिक्का, फोन नंबर. कोबी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, यांच्या क्रेटला ते टॅग सुतळीने बांधले की हर्रासीत, म्हणजे लिलावात, माल कोणाचा यावरून भांडण होत नसे, आणि हिंगोलीचा व्यापारी पुढच्या वेळी सरळ फोन करी.

भाजीवर पाणी मारल्याशिवाय ती मार्केटात जात नाही. त्या प्रिंटरची मूळची काळी शाई पाण्याला दाद द्यायची नाही. पण कंपनीने ती शाई काढणंच बंद केलं. सरिताने दुसऱ्या नावाच्या दोन शाया मागवून पाहिल्या. पहिली पाण्यात विरघळून सांबाराच्या जुडीवर उतरली, दुसरी प्रिंटरच्या तोंडातच वाळून बसली. तेव्हा उत्कर्ष म्हणाला होता, शाई घरी करू. आणि सरिता, कोणत्या मुहूर्तावर कोण जाणे, म्हणाली होती, करा.

खरं म्हणजे शाई जमली होती. काळ्या रंगाची पेस्ट, बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी, ती वाळू नये म्हणून ग्लिसरीन, पुठ्ठ्याला धरून राहावी म्हणून थोडा डिंकासारखा चिकट पदार्थ, आणि मग बारीक जाळीतून पुन्हा पुन्हा गाळणं. घोडं अडलं होतं एकाच जागी.

"पाणी अळूच्या पानावर कसं गोळा होते?" उत्कर्षने तिला समजावलं होतं. "तसं ते शाईतबी गोळा होऊनच राह्यते. अन् प्रिंटरच्या तोंडाचे भोकं केसाहून बारीक. त्याच्यातून ते निघत नाई. म्हणून त्याचा ताण तोडाले काहीतरी टाका लागते. साबणासारखं. सर्फॅक्टंट म्हणते त्याले."

"तं टाका ना साबण."

"कोणता?"

तिथून पुढे या 'कोणता'ने घर खाल्लं होतं. कमी पडला तर शाई उतरत नाही, जास्त झाला तर थांबत नाही, फेस झाला तर नळीत बुडबुडे बसतात आणि अक्षरांमधून पांढऱ्या रेघा जातात. उत्कर्ष प्लास्टिकच्या पट्टीवर शाईचा एकेक थेंब ठेवायचा, दातकोरण्याच्या टोकाने त्यात काहीतरी लावायचा आणि डोळा पट्टीच्या पातळीला आणून पाहत बसायचा. जेवायला हाक मारली तरी तसाच. त्याचा तो ओणवा झालेला पाठीचा कणा पाहिला की सरिताला वाटे, या माणसाने लग्नाला मुलगी पाहतानाही एवढं निरखलं नव्हतं.

घरात मत नसलेलं कोणी नव्हतं. सासूबाई पंचफुला यांनी रिठे उकळून, फडक्यातून गाळून, तांब्याभर काढा करून दिला. "आमच्या वक्ताले रेशमी पातळ याच्यातच धुवाचो. रंग काही गेला का?" असं त्यांचं म्हणणं. त्या काढ्याच्या शाईवर आठवड्यात पांढरी बुरशी धरली आणि उत्कर्षने ती कढीपत्त्याच्या बुडाशी ओतली. ओतताना पंचफुलाबाई पाहत होत्या. त्या दिवशी पोराला त्यांनी भाकर वाढली, पण तोंडाने नव्हे, फक्त हाताने.

सासरे पंजाबराव घरामागच्या तुकड्यात कोबी लावत. त्यांचा तर प्रश्नच सुटलेला होता.

"स्टिकर टाक," ते म्हणाले. फवारणीच्या पंपात औषधाबरोबर टाकतात ते, पानावर पाणी पसरवणारं. गोठ्यातल्या फळीवर त्याची निळी बाटली कायम असायची. "कोबीच्या पानासारखं उर्मट पान नाई. पाणी मारलं की गोट्यावानी गडगडत खाली. पण झाकणभर स्टिकर टाकून पाह्य, पान चिंब! तुह्या पुठ्ठ्याची काय मजाल?"

उत्कर्षने तेही करून पाहिलं. पट्टीवरच्या थेंबाला स्टिकरचं दातकोरणं लागलं मात्र, थेंब पाहता पाहता सपाट झाला. दारात उभ्या सरिताने ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी झटक्यात झालं होतं.

"झालं की मंग!" ती म्हणाली.

"लय पसरते," उत्कर्ष पुटपुटला आणि पट्टी पुसून पुन्हा ओणवा झाला.

"पसरालेच पाह्यजे होतं ना तुमाले?"

त्यावर उत्तर आलं नाही. उत्तर न देणं हा उत्कर्षचा दुसरा विषय होता.

सरिताला घाई उगाच नव्हती. भाजीवाल्यांच्या गटाचे प्रमुख उकंडराव त्या सोमवारी दुकानात येऊन गेले होते. सोयाबीनच्या पोत्यासारखा भरदार माणूस, बोलायला लागला की बसस्टॉपवरचे लोकही वळून पाहत. स्टुलावर बसले, गमछ्याने मान पुसली आणि म्हणाले, "सूनबाई, मागच्या बाजाराले माहा कोबी फोटोवाल्या रामधनच्या सासऱ्याच्या नावानं इकला गेला. टॅगवर नुसतं काळं पाणी. आता गटातले पोट्टे म्हणते, अकोल्याहून प्लास्टिकचे टॅग छापून आणू. मी म्हटलं, आपली सूनबाई आहे गावात. पण गुरुवारी दुपारची जीप अकोल्याले चालली. गुरुवारी सकाळी मले एक टॅग दे. मी तो बादलीत बुडवीन. अक्षर राह्यलं, तं साऱ्या गटाचं काम तुहं. गेलं, तं मी जीपमदी बसलो समज."

"अक्षर राहीन काकाजी," सरिता म्हणाली होती.

गटाचं काम गेलं की जुना प्रिंटर भंगारात. आणि तो भंगारात गेला की बसस्टॉपसमोरच्या चार सारख्या दुकानांतलं एक दुकान तेवढं उरणार, तेही सगळ्यात शेवटचं.

बुधवारी उत्कर्ष रामधनकडे गेला. रामधनचा गावात पूर्वी फोटो स्टुडिओ होता. आता तो लग्नाचे व्हिडिओ काढतो, पण काळ्या खोलीतल्या जुन्या बाटल्या टाकवत नाहीत म्हणून तशाच ठेवलेल्या. फिल्म धुतल्यावर शेवटच्या पाण्यात ज्याचे थेंब टाकायचे, म्हणजे फिल्मवर पाण्याचे डाग पडत नसत, ती तपकिरी बाटली उत्कर्ष घेऊन आला. सरिताने ती बाटली त्याच्या पिशवीत ओझरती पाहिली. आणखी एक बाटली, एवढंच तिने मनात म्हटलं.

संध्याकाळी तो शिकवणीला निघाला तेव्हा शाईची मोठी बाटली खिडकीत ठेवलेली होती. बुडबुडे वर येऊन जावेत म्हणून झाकण सैल.

"झालं का ठरून?" सरिताने विचारलं.

"पाहून राह्यलो," उत्कर्ष चपला घालत म्हणाला.

"उद्या सकाळी काकाजी येते."

"हो ना."

"मंग टाकसान कधी?"

"पाहू," तो म्हणाला आणि गाडीला किक मारली.

सरिता खिडकीसमोर उभी राहिली. बाटलीतली शाई काळी आणि निवांत होती, अगदी तिच्या नवऱ्यासारखी. म्हणजे अजून काहीच पडलेलं नाही. म्हणजे उद्या सकाळी उकंडराव स्टुलावर बसलेले असतील आणि हा पट्टीला डोळा लावून. तिने पदर खोचला, गोठ्यात गेली आणि फळीवरची निळी बाटली घेतली. झाकणाच्या तळाला जेमतेम राहील एवढंच घेतलं. आपल्याला प्रमाण कळतं याचं तिला जरा समाधानही वाटलं. थेंब कसा झटक्यात सपाट झाला होता ते तिने पाहिलेलं होतं. शाईत ओतलं, बाटली दोनदा हलवली, जागच्या जागी ठेवली.

गुरुवारी सकाळी उत्कर्षने दुकानात येऊन जुन्या प्रिंटरमध्ये शाई भरली. उकंडराव आधीच स्टुलावर होते, पायाशी पाण्याची बादली. पंजाबराव पोराचं कौतुक पाहायला शेतातून थेट आले होते. पंचफुलाबाईसुद्धा, दुकानात कधी न येणाऱ्या, सगळ्यांसाठी चहाची किटली घेऊन आल्या आणि गेल्या नाहीत.

पुठ्ठा मागून आत गेला, प्रिंटर खरखरला आणि टॅग पुढून बाहेर आला.

उकंडरावांनी तो हातात घेतला, दूर धरला, जवळ धरला. "हे माहं नाव आहे?"

अक्षरांना पाय फुटले होते. प्रत्येक काना सुरवंटासारखा केसाळ होऊन शेजारच्या अक्षरात घुसला होता. फोन नंबरातला इंग्रजी आठ नुसता काळा गोळा.

"दुसरा काढते काकाजी, पह्यला असाच येते," सरिता म्हणाली.

दुसरा त्याहून वाईट आला. तिसऱ्याच्या वेळी प्रिंटरने छापणं सोडून सरळ गळायलाच सुरुवात केली. शाई खालून टेबलावर आली, टेबलावरून एका पोराच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाकडे निघाली. सरिताने अर्ज झडप घालून उचलला.

"मेथी लेका चिखलातून काढली तरी याच्याहून साफ असते," उकंडराव म्हणाले आणि हातातलं घड्याळ पाहिलं. "दुपारी जीप येईन."

उत्कर्ष मात्र गळणाऱ्या प्रिंटरकडे पाहत होता, तोंडावर तीच शांत चिकित्सा. "माहंच चुकलं," तो म्हणाला. "रामधनभाऊचं औषध लय जोरकस निघालं. दोन थेंबात एवढं पसरन असं वाटलं नव्हतं. गेलं, हे बी कामाचं नाई." त्याने पिशवीतून तपकिरी बाटली काढली, दुकानाच्या मागच्या मोरीपाशी गेला आणि बूच उघडलं.

सरिता अर्ज हातात घेऊन तशीच उभी होती. दोन थेंब. रामधनचं औषध. म्हणजे यांनी टाकलं होतं! कालच टाकलं होतं, खिडकीत ठेवायच्या आधी!

गप्प राहिलं तर बाटलीवर बिल फाटणार होतं, आणि बाटलीला काही घरात राहायचं नव्हतं. उकंडराव समोर होते. ते आज दुपारी अकोल्याच्या जीपमध्ये आणि उद्या अख्ख्या मार्केटात सांगणार की केनवडची सूनबाई शाईला फवारणी करते. पण मोरीवर बाटली तिरकी झाली होती, आणि फिल्म धुणंच बंद झाल्यावर तसलं औषध आता कुठे मिळणार होतं?

"थांबा!" ती म्हणाली. "ओतू नका. म्या स्टिकर टाकलं शाईत."

उत्कर्ष वळला. "कधी?"

"काल. तुमी शिकवणीले गेले तवा."

"पण मी टाकलेलं होतं."

"मंग सांगाले काय झालं होतं?" सरिताचा आवाज बसस्टॉपपर्यंत गेला. "दारात उभी राहून इचारलं, ठरलं का. तुमी म्हणे, पाहून राह्यलो!"

"ठरलं नव्हतं ना. टाकलं होतं."

"टाकलं होतं पण ठरलं नव्हतं?"

"रातभर ठेवून पाह्याचं होतं. मंग ठरलं असतं."

सरिताने अर्ज कपाळावर मारून घेतला. या माणसाशी बोलणं म्हणजे बादलीने विहीर मोजणं. तेवढ्यात बाकावर बसलेले पंजाबराव खाकरले.

"तू किती टाकलं व सरिता?"

"झाकणाच्या तळाले, मामाजी. जास्त नाई."

"हां," पंजाबराव म्हणाले. "म्या झाकणभर."

सगळ्यांच्या माना बाकाकडे वळल्या. प्रिंटर गळतच होता.

"बाबा!" उत्कर्ष म्हणाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याचा आवाज चढला.

"अरे, आज पहाटे पंप भराले गेलो, खिडकीत शाई दिसली. पंपाले जसं टाकतो तसं टाकून देल्लं. म्हटलं पोरगं मोठं शिकलेलं, बापाचं ऐकत नाई, पण काम झालं म्हंजे समजीन त्याले."

"पंपात पंधरा लिटर पाणी असते बाबा! ही बाटली एक लिटरची आहे!"

"आता ते तू आधी सांगाले पाह्यजे होतं."

किटली धरून बसलेल्या पंचफुलाबाई इतका वेळ जमिनीकडे पाहत होत्या. उकंडरावांचं लक्ष गेलं. "काहून वहिनी, तुमी काहून गप?"

"माहे तं दोनच चमचे होते," पंचफुलाबाई हळूच म्हणाल्या. "अन् रिठा काही इख नाई. ताजा होता, काल सांजचाच."

उकंडरावांनी मांडीवर थाप मारली आणि असे हसले की स्टूल डगमगलं. "हे शाई नाई हो, हे पंगतीतली वांग्याची भाजी झाली! जो आला त्यानं मीठ टाकलं, अन् आचारी म्हणते मी चाखून पाहून राह्यलो!"

सरिताला हसू आलं नाही. कोणी हसलं म्हणून प्रिंटर साफ होत नाही. तिने सासऱ्यांना बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसवलं, सासूच्या हातची किटली काढून उकंडरावांच्या हातात दिली, आणि नवऱ्यासमोर उभी राहिली.

"आता नीट सांगा. चांगली शाई उरली का कुठी, जिच्यात आमा तिघायचं काही नाई?"

"आहे ना," उत्कर्ष म्हणाला.

"आहे?"

"नमुना बाजूले काढून ठेवतो मी. नेमानं." त्याने शर्टाच्या खिशातून डोळ्यांच्या औषधाची रिकामी कुपी काढली. आत बोटभर काळं होतं. "दोन थेंब टाकल्यावर लगेच काढली होती."

"मंग मघापासून बोलले काहून नाई?"

"तू इचारलं नाई."

सरिताने त्यावर काही म्हणायचं नाही असं ठरवलं, आणि ते ठरवायला तिला बराच जोर लावावा लागला. तिने बॅटरीच्या पाण्याचा कॅन टेबलावर आदळला. उत्कर्षने प्रिंटरचं तोंड काढलं, सुईशिवायच्या सिरिंजने त्यातून पाणी सोडत राहिला. काळं, मग राखाडी, मग पेजेसारखं, मग स्वच्छ. फेस येत राहिला तोवर त्याने थांबवलं नाही. पंजाबराव दोनदा उठले, दोनदा सरिताने नुसतं पाहिलं, दोनदा ते बसले. दुपार झाली, बाहेर जीप येऊन हॉर्न वाजवू लागली.

"थांब रे, आलो!" उकंडराव तिकडे ओरडले आणि इकडे म्हणाले, "सूनबाई, एकच काढ. त्याच्यावर फैसला."

कुपीतली शाई आत गेली. पुठ्ठा मागून गेला. प्रिंटर खरखरला, थांबला, जणू तोही पाहून राह्यला होता, आणि मग टॅग सरकत बाहेर आला. उकंडराव, गाव केनवड, गटाचा शिक्का, नंबर. आठातली दोन्ही भोकं उघडी होती. नावामधून मात्र एक बारीक पांढरी रेघ आडवी गेली होती.

सरिताने तो पंख्याखाली धरला, हात दुखेपर्यंत धरला. मग उकंडरावांनी घेतला आणि बादलीत बुडवला. बुडवला तो बुडवला, शिवाय आत हलवलाही, क्रेटमधली मेथी झटकतात तसा. बाहेर काढून अंगठ्याने घासला. अंगठा पाहिला. पुन्हा घासला, यावेळी शर्टावरचा डाग काढावा तसा जोराने. अंगठा ओला होता, काळा नव्हता.

"अक्षर राह्यलं," ते म्हणाले. "पण माह्या नावातून रस्ता काहून गेला?"

"एक भोक अजून बंद आहे," उत्कर्ष म्हणाला. "सांजपर्यंत उघडते."

"मंग 'पाहू' तं नाई ना म्हणसान?"

"नाई," सरिताच मध्ये म्हणाली. "उघडते."

उकंडराव दारात गेले आणि जीपवाल्याला हाताने जा म्हणाले. मग वळून त्यांनी बाकावरच्या दोघांकडे आणि टेबलाजवळच्या दोघांकडे बोट फिरवलं. "काम तुमचं. पण एक आहे. शाई करन तो एकटा. बाकीच्यायनं आपापला सैपाक पाह्याचा."

ते गेल्यावर उत्कर्षने नवी शाई करायला घेतली. या वेळी सरिता खुर्ची घेऊन समोर बसली.

"किती थेंब?"

"आता एक लिटर म्हंजे..." त्याने पट्टीकडे हात नेला.

"आकडा सांगा. मोठ्यानं. मामाजी, आत्याबाई, इकडं ध्यान द्या."

"दोन."

"पडले?"

"पडले."

"ठरलं?"

उत्कर्षने बाटलीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर उत्तर दिलं. "ठरलं."

बाटली लोखंडी कपाटात गेली, किल्ली सरिताच्या कमरेला. पंजाबराव उठून अंग झटकत म्हणाले, "तरी मले वाटते, नखभर स्टिकर जर..." आणि सुनेचा चेहरा पाहून वाक्य तसंच शेताकडे घेऊन गेले.

संध्याकाळी उत्कर्ष शिकवणीला निघाला तेव्हा सरिताने त्याच्या हातात पिशवी दिली. "येताना भांड्याचं लिक्विड आणा." तो घेऊन आला. तोवर बंद भोक उघडलं होतं. सरिताने जुन्या प्रिंटरमधून एक टॅग काढला, पंख्याखाली वाळवला, स्वतःच्या बादलीत स्वतः बुडवून पाहिला आणि सुतळीने लिक्विडच्या बाटलीच्या गळ्यात बांधला. त्यावर, रेघ नसलेल्या काळ्याभोर अक्षरांत होतं: फक्त भांड्यांसाठी.